तीन शिट्ट्या, एक सॉरी

आज सुरुवात कन्फेशनने. गेल्या मे महिन्यात मी एका बाईंचं नाव खराब केलं. तेही बसल्या जागी, मोबाइलवर, एका मिनिटात.

झालं असं की, आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघी. एक आयटीवाली, एक बँकवाली आणि एक मी, म्हणजे 'फ्रीलान्स', म्हणजे घरमालकांच्या भाषेत 'ती काय, घरीच असते'. रात्रीचा डबा शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकूंकडून येतो. पोळ्या, भाजी, आमटी, भात, आणि गुरुवारी काहीतरी गोड. फक्त रविवारी रात्री काकूंची सुट्टी. त्या दिवशी आम्ही कुकर लावतो. तीन शिट्ट्या, वरण-भात, वर तूप, बाजूला आईने पाठवलेलं लोणचं. आमच्या पाककौशल्याची धाव इथपर्यंतच.

त्या रविवारी भात चिक्कार उरला. फ्रीजमध्ये जागा नव्हती (कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणि तीन जणींचे तीन फेसपॅक), म्हणून भात कुकरमध्येच, ओट्यावर राहिला. झाकण लावलेलं होतं ना, मग प्रश्नच मिटला! सोमवारी संध्याकाळी सात वाजता आयटीवाली हिंजवडीहून भुकेने कासावीस होऊन आली. डबा यायचा साडेआठला. मग काय, कांदा, मिरची, शेंगदाणे, हळद आणि कढीपत्ता घालून झणझणीत फोडणीचा भात केला. दोघींनी कढईतूनच संपवला. साडेआठला डबा आला तेव्हा आम्ही त्यातला अर्धाच खाल्ला. बँकवाली नऊला आली. तिने स्वतःचा डबा खाल्ला, आमचं उरलेलंही साफ केलं आणि झोपली.

दहा वाजता आयटीवाली बाथरूमकडे पळाली. साडेदहाला मी. पुढचे चार तास कसे गेले ते ग्लॉसी पेपरवर लिहिण्यासारखं नाही. बँकवाली शांत घोरत होती. सकाळी आम्ही तिला 'स्ट्राँग स्टमक' असं सर्टिफिकेट देऊन टाकलं आणि मी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज ठोकला, 'काल रात्री काकूंच्या डब्यातून आम्हा दोघींना फूड पॉयझनिंग. प्लीज बी केअरफुल.' वर एक हिरव्या तोंडाचा इमोजी. त्या आठवड्यात चार घरांनी काकूंचा डबा बंद केला. आमचा धरून पाच.

काकूंनी फोन केला होता. 'अगं बाळा, बाकी कुणालाच काही झालं नाही गं,' एवढंच म्हणाल्या. मी 'इट्स ओके काकू' म्हणून मोठ्या मनाने त्यांना माफ केलं. हो, मी. त्यांना.

आता चार महिन्यांनंतरचा सीन. माझी एक कॉलेजची मैत्रीण मायक्रोबायोलॉजी करून सध्या एका फूड कंपनीच्या लॅबमध्ये असते. दिवसभर ती बॅक्टेरिया मोजते आणि संध्याकाळी माझ्यासोबत कॉफी पिते. मी तिला हा किस्सा कॉमेडी म्हणून सांगितला. ती हसली नाही. तिने फक्त प्रश्न विचारले. कुणी काय खाल्लं? किती वाजता? भात कधीचा? तिसरीने काय खाल्लं नाही?

तिसरीने फोडणीचा भात खाल्ला नव्हता. बाकी सगळं खाल्लं होतं, आमच्यापेक्षा दुप्पट.

'अगं मंद,' मैत्रीण म्हणाली, 'कोर्टात टिकेल असा पुरावा नाही हा, पण मला विचारशील तर डबा नाही, तुमचा कुकर.'

माझं पहिलं वाक्य अर्थातच, 'पण भात तर शिजलेला होता! नंतर परत गरमही केला होता!' तिने कॉफीचा मग खाली ठेवला आणि म्हणाली, 'तोच तर प्रॉब्लेम आहे.' मग पुढचा दीड तास मला जे ऐकायला मिळालं, ते इथे माझ्या भाषेत देते.

तांदूळ शेतातून, मातीतून येतो. त्या मातीत बॅसिलस सिरिअस नावाचा एक बॅक्टेरिया राहतो. याची खासियत अशी की, दिवस वाईट आले, म्हणजे खायला मिळेनासं झालं, की तो मरायची वाट बघत नाही. तो स्वतःच्या आत एक कॅप्सूल बांधतो. त्याला म्हणायचं स्पोअर. शाळेच्या पुस्तकात 'बीजाणू' होता, आठवतंय? त्या कॅप्सूलच्या मधोमध डीएनए, त्याला चिकटून राखण करणारी प्रोटीन्स, भोवती जाड भिंत, त्यावर प्रोटीनची कोटिंग. आतलं पाणी जवळजवळ पिळून काढलेलं आणि त्या जागी कॅल्शिअम आणि डायपिकोलिनिक अ‍ॅसिड नावाचं एक रसायन ठासून भरलेलं. स्पोअरच्या कोरड्या वजनाच्या साधारण १० टक्के तर हेच असतं. अशा अवस्थेत तो खात नाही, वाढत नाही आणि उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. वर्षानुवर्षं पडून राहू शकतो. आपण दुकानातून बासमती आणतो तेव्हा हे स्पोअर सोबत येतात. थोडेसेच. तेवढ्याने काही होत नाही.

आता कुकर लावला. मला वाटायचं, कुकर म्हणजे मिनी ऑटोक्लेव्ह. हॉस्पिटलमध्ये सर्जरीची हत्यारं निर्जंतुक करतात ते मशीन. तत्त्व तेच आहे, पण ऑटोक्लेव्हमध्ये आतली हवा पूर्ण हाकलून १२१ अंश सेल्सिअसची वाफ किमान १५ मिनिटं धरून ठेवतात. आपला भात तीन शिट्ट्यांत त्या तापमानाच्या आसपास फार थोडा वेळ असतो, आणि डब्याच्या मधला भात तर त्याहून कमी. भात शिजायला हे भरपूर झालं. सगळे स्पोअर मारायला नाही.

पण स्पोअर नुसते वाचतात असंही नाही. उष्णता त्यांना जागं करते!

इथे मी मैत्रिणीला दोनदा विचारून खात्री करून घेतली. जी उष्णता बाकी सगळ्यांना मारते, तीच याला गजर होते? हो. १९४३ मध्ये अमेरिकेत डेअरी क्षेत्रात काम करणाऱ्या इव्हान्स आणि करन यांनी हे मांडलं होतं की, स्पोअर मरणार नाहीत इतपतच तापवले तर ते जास्त वेगाने रुजतात. लॅबमध्ये तर हा रोजचा रिवाज आहे. स्पोअर उगवून बघायचे असतील तर आधी साधारण ७० अंशांवर अर्धा तास तापवायचे. याला 'हीट अ‍ॅक्टिव्हेशन' म्हणतात. गंमत अशी की, नुसत्या उष्णतेने काम पूर्ण होत नाही. तापवलेला स्पोअर 'तयारीत' असतो, उघडलेला नसतो. तापवून तसाच ठेवून दिला, खायला काहीच दिलं नाही, तर तो परत गाढ झोपेतही जाऊ शकतो. म्हणजे आपल्यासारखंच. गजर झाला, डोळा उघडला, पण उठायचं की नाही ते किचनमधून पोह्यांचा वास येतोय का यावर ठरणार.

तो 'वास' घेणारी यंत्रणाही आहे. स्पोअरच्या आतल्या पडद्यावर काही रिसेप्टर बसलेले असतात. आपल्या बॅसिलस सिरिअसला अ‍ॅलनिन हे अमिनो अ‍ॅसिड आणि आयनोसिन हे रसायन सापडलं की, इथे खायला आहे, असा सिग्नल मिळतो. तापलेल्या स्पोअरमध्ये हे रिसेप्टर जास्त तत्परतेने काम करतात. नेमकं कसं, यावर संशोधकांचे अजून वाद चालू आहेत. मग पोटॅशिअम बाहेर, कॅल्शिअम आणि ते अ‍ॅसिड बाहेर, पाणी आत, जाड भिंत विरघळायला सुरुवात. काही मिनिटांत चिलखत गेलेलं असतं. त्या क्षणी त्याला पुन्हा उकळलं तर तो बिचारा सहज मरतो. पण आपण त्या क्षणी कुठे असतो? टीव्हीसमोर!

(२०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅन डिएगो विद्यापीठातल्या गुरोल सुएल यांच्या टीमने 'सायन्स' या जर्नलमध्ये दाखवलं की, झोपलेला स्पोअर अन्नाचे छोटे छोटे इशारे चक्क 'मोजत' असतो. दर इशाऱ्याला साठवलेलं थोडं पोटॅशिअम सोडतो आणि बॅलन्स ठरावीक पातळीखाली गेला की उठतो. प्रीपेड कार्ड! मला हे इतकं आवडलं की विषयांतर होतंय हे माहीत असूनही लिहिलं.)

माझ्या आजोळी, कोकणात, पाऊस पडायच्या आधी राब भाजतात. भाताची रोपं जिथे करायची त्या वाफ्यावर पालापाचोळा, काटक्या, शेण पसरून पेटवून देतात. तणाचं बी जळून जातं आणि नंतर पेरलेल्या भाताला मोकळी जमीन मिळते. कुकरमध्ये अगदी हेच होतं. तांदळावरचे साधे जंतू, म्हणजे स्पोअरचे कॉम्पिटिटर, सगळे जळून गेले. उरले फक्त चिलखतवाले, तेही जागे केलेले. त्यांच्यापुढे ओला, मऊ, पिठूळ भात आणि कोमट पाणी. राब आपणच भाजून दिला, पेरणी त्यांची.

आणि पुण्याचा मे महिना! साधारण तिशीच्या तापमानाला हा प्राणी शिजलेल्या भातात अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतो. दर अर्ध्या तासाला डबल, म्हणजे दहा तासांत एकाचे दहा लाखांच्या वर. आमचा भात बावीस तास ओट्यावर होता.

हे कळायला माणसांना वेळ लागला, हे ऐकून मला थोडं बरं वाटलं. १८७६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल नावाचे बडे शास्त्रज्ञ (दहावीतला 'टिंडल इफेक्ट', तेच ते) वाळक्या गवताचा काढा उकळून निर्जंतुक करत होते. आधीच्या प्रयोगांत पाच मिनिटं उकळून काम होत होतं. मग लॅबमध्ये जुन्या वाळलेल्या गवताची एक पेंडी आली आणि सगळं बिघडलं. तासन् तास उकळलं तरी दोन दिवसांत काढा गढूळ! टिंडलना अख्खं बिऱ्हाड हलवून क्यू गार्डन्समधल्या स्वच्छ लॅबमध्ये जावं लागलं. त्याच वर्षी जर्मनीत फर्डिनांड कोन यांनी गवतातल्या बॅसिलसचे स्पोअर मायक्रोस्कोपखाली पाहून ते उष्णतेला टिकतात हे सांगितलं होतं.

टिंडल यांनी १८७७ मध्ये जो उपाय काढला तो मला जाम आवडला. त्यांनी जास्त उकळलं नाही, कमी उकळलं! थोडा वेळ उकळायचं, मग दहा-बारा तास सोडून द्यायचं, मग परत थोडा वेळ. असं काही वेळा. पहिल्या उकळीत जागे असलेले मेले. मधल्या वेळात झोपलेले उठले, चिलखत उतरवून बसले. दुसऱ्या उकळीत तेही गेले. एकदा सलग तासभर उकळून जे जमत नव्हतं, ते असं तुकड्या-तुकड्यांनी काही मिनिटांत जमलं. या पद्धतीला आजही टिंडलायझेशन म्हणतात.

'मग आम्ही पण तेच केलं ना!' मी टाळी द्यायला हात पुढे केला. 'रविवारी उकळला, सोमवारी परत परतला. टिंडलायझेशन!'

'टिंडल मधल्या वेळात जंतूंना मुलंबाळं होऊ देत नव्हता,' मैत्रीण म्हणाली. टाळी मिळाली नाही.

कारण खरा घोळ पुढे आहे. बॅसिलस सिरिअसच्या काही जाती भातात वाढताना सेरेउलाइड नावाचं विष तयार करतात. हे जंतू नव्हे, जंतूंनी मागे टाकलेला माल. ते १२१ अंशांवर तासभर ठेवलं तरी टिकतं. आमच्या कढईतल्या फोडणीने सगळे जंतू मेले असतील, अगदी मान्य, पण विष जसंच्या तसं पोटात गेलं. वर शेंगदाण्यांनी गार्निश केलेलं! हे विष पोटात आयतंच जातं, म्हणून उलट्या लवकर होतात, अर्धा ते सहा तासांत. आमच्या बाबतीत तीन तासांत. आपण मात्र नेहमी सगळ्यात शेवटी खाल्लेल्या पदार्थाला फाशी देतो.

हा प्रकार जगापुढे आला तो १९७१ मध्ये, ब्रिटनमधल्या चायनीज रेस्टॉरंट्समधून. तिथे भात एकदम मोठ्या प्रमाणात शिजवून बाहेरच ठेवत. फ्रीजमध्ये ठेवला की शितं चिकटतात आणि फ्राय करताना मोकळी होत नाहीत, हे कारण. मग ऑर्डर आली की कढईत मिनिटभर परतायचा. 'फ्राइड राइस सिंड्रोम' हे नाव तिथूनच पडलं. आपण त्याला फोडणीचा भात म्हणतो, एवढाच फरक. याच बॅक्टेरियाचा दुसरा प्रकारही आहे, ज्यात जुलाब होतात. तो नॉर्वेच्या स्टाइनर हाउगे यांनी शोधला. ओस्लोत आदल्या दिवशी करून बाहेर ठेवलेल्या व्हॅनिला सॉसमुळे लोक आजारी पडले होते. हाउगे यांनी काय करावं? त्या बॅक्टेरियाने भरलेला सॉस स्वतः पिऊन बघितला. काही तासांनी त्यांना हवा तो रिझल्ट मिळाला. नोकरीवरची निष्ठा म्हणतात ती ही!

आता तुम्ही म्हणाल, आम्ही जन्मभर शिळा भात खातोय, काही झालं नाही. बरोबर आहे. प्रत्येक भातात स्पोअर पुरेसे नसतात, प्रत्येक जात विष बनवत नाही, आणि थंडीतल्या रात्री एवढी वाढ होत नाही. झालंच तर बहुतेक जण दिवसभरात उठून बसतात. बहुतेक. बेल्जियममध्ये २००८ साली एक २० वर्षांचा विद्यार्थी पाच दिवस बाहेर राहिलेलं स्पगेटी गरम करून खाऊन गेला. झोपेतच. डॉक्टरांनी तीन वर्षांनी ती केस प्रसिद्ध केली. हॉस्टेल, शेअर्ड फ्लॅट, रविवारचं जेवण शुक्रवारी... ती केस ऐकताना माझी कॉफी गार झाली.

मग करायचं काय? भात टाकून द्यायचा नाही, लवकर गार करायचा. कुकरच्या डब्यात तो तासन् तास कोमट राहतो, आणि कोमट हाच त्यांचा एसी. ताटात किंवा परातीत पातळ पसरायचा, वाफ गेली की तास-दीड तासाच्या आत फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी खाऊन संपवायचा. खायला उशीर असेल तर साठ अंशांच्या वर, म्हणजे हात लावला तर चटका बसेल इतका गरम ठेवायचा. फेसपॅक बाहेर राहिले तरी चालतील. मोठ्या पातेल्यातल्या मटणाच्या रश्श्यालाही हाच नियम. तिथे दुसरा स्पोअरवाला असतो, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. त्याला तर आत हवाही नको असते.

एवढं सगळं कळल्यावर एक काम उरलं होतं. ते मी दहा दिवस टाळलं.

अकराव्या दिवशी काकूंकडे गेले. काकू पोळ्या लाटत होत्या. ओट्याशेजारी स्टुलावर एक मोठी परात, त्यात भात पसरलेला, वर पंखा. मी बघतच राहिले. 'सासूबाईंची सवय,' काकू म्हणाल्या. 'गोळा होत नाही आणि आंबतही नाही.'

मी सगळं सांगितलं. स्पोअर, कुकर, बावीस तास, बँकवाली. टिंडलसुद्धा सांगितला, नर्व्हस झाले की मी जास्त बोलते. काकूंनी लाटणं खाली ठेवलं नाही.

'म्हणजे भात रविवारी रात्रीचा, आणि खाल्लात सोमवारी संध्याकाळी?'

'हो काकू.'

'मे महिन्यात?'

'हो. सॉरी काकू. खरंच सॉरी.'

'त्या चारातली दोन घरं परत आली,' त्या म्हणाल्या. 'दोघांनी दुसरीकडे लावला. वर्षाचे पैसे भरलेत त्यांनी.' मग एक पोळी तव्यावर टाकली. 'मला घरी येऊन सांगून काय उपयोग गं? तेव्हा लिहिलं होतंस तिथे लिही.'

हा कॉलम लिहायला मला तीन तास लागले. तो मेसेज लिहायला अख्खी संध्याकाळ. 'मे महिन्यात मी काकूंच्या डब्याबद्दल लिहिलं होतं, ते चूक होतं. आम्हाला बहुधा आमच्याच घरच्या, ओट्यावर राहिलेल्या भाताने त्रास झाला. काकूंच्या डब्यात काही नव्हतं. त्यांना झालेल्या त्रासाला मी जबाबदार आहे.' इमोजी नाही. दोन अंगठे आले, एका आजोबांनी 'सुप्रभात' पाठवलं (रात्री नऊला), आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एकांनी काकूंचा नंबर मागितला.

सोमवारपासून आमचा डबा परत सुरू झालाय. रविवारी रात्री काकूंची सुट्टी आहेच. आम्ही परात विकत आणली.